पावसाच्या मुलखात बेकरी उभी करताना

चिपळूणसारख्या गावात बेकरी सुरू करायची असेल तर भांडवल, जागा आणि परवाने यांच्याइतकाच विचार पावसाचा करावा लागतो, हे या व्यवसायात पडल्यापासून मी अनेकांना सांगत आले आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी, वाशिष्ठीच्या काठी वसलेल्या या गावात वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या काळात हवेतला ओलावा इतका असतो की डब्यातले मीठही ओले होते. बेकरीचा धंदा मात्र मुळात ओलावा सांभाळण्याचा धंदा आहे. पावात तो टिकवायचा, टोस्टमधून तो काढायचा, खारीत तो शिरू द्यायचा नाही आणि मैद्याच्या पोत्यापासून त्याला लांब ठेवायचे, अशी एकाच छपराखाली परस्परविरुद्ध कामे चालतात. बेकरीविषयीची बहुतेक माहिती कोरड्या हवेच्या शहरांतून आलेली असल्याने कोकणात ती जशीच्या तशी चालत नाही. म्हणून माझा अनुभव थोडा तपशिलात लिहिते आहे.

मी आधी एका घाऊक किराणा दुकानात हिशेबाचे काम करत होते. टाळेबंदीच्या काळात घरातून केकच्या ऑर्डरी घेऊ लागले आणि त्या वाढत गेल्या. परंतु घरगुती केक आणि बेकरी यांत मोठे अंतर आहे, याची मला जाणीव होती. केक ऑर्डर आली की करायचा असतो, पाव मात्र ऑर्डर असो वा नसो, रोज पहाटे तयार असावा लागतो. त्यामुळे 2021 च्या अखेरीस बेकरीचा विचार पक्का झाल्यावर मी प्रथम प्रशिक्षण घेतले. ग्रामीण भागातील होतकरूंसाठी बँकांच्या पुढाकाराने चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे ‘आरसेटी’, विनामूल्य प्रशिक्षण देतात, आणि महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे कार्यक्रमही जिल्ह्याजिल्ह्यांत होतात. त्यांतून प्रकल्प अहवाल कसा लिहावा आणि खेळते भांडवल कसे मोजावे हे कळते. प्रत्यक्ष भट्टीवरचे काम मात्र मी गावातल्या एका जुन्या बेकरीच्या मालकांकडून शिकले. आमच्या भागात बेकरीचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने कोकणी मुस्लिम कुटुंबांच्या हाती राहिला आहे. त्या कुटुंबातले वयस्कर चाचा मला पहाटे भट्टीपाशी उभे राहू देत. पुढे मी त्यांच्याच व्यवसायात उतरणार आहे हे ठाऊक असूनही त्यांनी हातचे काही राखून ठेवले नाही. “वहिनी, पाव सगळेच करतील, पण आषाढात ज्याची खारी वाजते तो खरा बेकरीवाला,” हे त्यांचे वाक्य मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

जागेचा प्रश्न आमच्या गावात 22 जुलै 2021 या तारखेला वगळून सोडवता येत नाही. त्या दिवशीच्या महापुरात वाशिष्ठी आणि शिवनदीचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि दुकानांचे तळमजलेच्या तळमजले बुडाले. बाजारपेठेतली जागा गिऱ्हाइकाच्या दृष्टीने केव्हाही चांगली, कारण येता-जाता माणूस पाव घेतो. परंतु बेकरीची यंत्रे जड असतात, ती पाणी चढू लागल्यावर उचलून माडीवर नेता येत नाहीत, आणि मैद्याचे एक पोतेच 50 किलोचे असते. म्हणून मी उत्पादनाची जागा आणि विक्रीची जागा वेगळी केली. भट्टी, कणीक मळायचे यंत्र (मळणीयंत्र) आणि कोठार चढावरच्या वस्तीत, पुराची रेषा जिथे पोहोचली नव्हती अशा एका जुन्या गाळ्यात ठेवले. बाजारात फक्त काचेचे कपाट आणि काउंटर मावेल एवढे लहान दुकान घेतले. पुराची रेषा कुठवर होती हे मी कागदावर शोधले नाही. त्या वस्तीतल्या भिंतींवरचे डाग आणि शेजाऱ्यांची आठवण यांवरून ती सहज कळते. दोन जागांमुळे भाडे आणि वाहतूक वाढली, हे खरे. पण कर्ज काढून घेतलेली यंत्रे पाण्यात जाण्याची धास्ती दर पावसाळ्यात बाळगण्यापेक्षा तो खर्च मला रास्त वाटला.

भट्टीची निवड हा त्यानंतरचा मोठा निर्णय. जुन्या बेकऱ्यांत लाकडाची विटांची भट्टी असते आणि तिच्यातल्या पावाला येणारी खरपूस चव मला मनापासून आवडते. परंतु पावसाळ्यात सुके लाकूड मिळणे कठीण, धुराचा शेजाऱ्यांना त्रास, आणि तशी भट्टी नव्याने बांधणारे गवंडीही आता विरळ झाले आहेत. (मुंबईत तर 2025 च्या जानेवारीत उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांना इंधन बदलण्याची मुदत घालून देण्यात आली.) विजेच्या भट्टीला तीन फेजची जोडणी आणि मोठा भार लागतो. शिवाय आमच्याकडे वादळी पावसात झाड पडून तारा तुटणे नेहमीचेच आहे. भट्टीत पाव अर्धा भाजलेला असताना वीज गेली तर तो सगळा घाणा वाया जातो. म्हणून मी गॅसवर चालणारी दोन मजली डेक भट्टी घेतली, जिच्या प्रत्येक मजल्यावर दोन ट्रे बसतात आणि वरची-खालची आच वेगवेगळी राखता येते. तिच्यासाठी 19 किलोचे व्यावसायिक सिलिंडर लागतात. नियमानुसार 100 किलोपर्यंतचा गॅसचा साठा स्वतंत्र परवान्याशिवाय ठेवता येतो, म्हणजे भरलेली पाच सिलिंडरे ही मर्यादा झाली. ती भट्टीच्या खोलीबाहेर, जाळीच्या आणि छपराच्या आडोशाला उभी ठेवून नळीने गॅस आत आणला आहे. मळणीयंत्र मात्र विजेशिवाय चालत नाही, त्यामुळे त्याच्यापुरता लहान जनरेटर घ्यावा लागला.

भांडवलासाठी मी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेतून अर्ज केला. केंद्र सरकारने 2020 मध्ये सुरू केलेली ही योजना महाराष्ट्रात कृषी विभागामार्फत राबवली जाते. तीत पात्र प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, आणि जास्तीत जास्त 10 लाख रुपये, कर्जाशी निगडित अनुदान मिळते. किमान 10 टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते आणि उरलेले बँकेचे कर्ज असते. या योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. प्रकल्प अहवाल तयार करणे, ऑनलाइन अर्ज भरणे, बँकेकडे पाठपुरावा करणे ही मदत त्या करतात, आणि त्यांचे मानधन सरकार देत असल्यामुळे अर्जदाराने त्यांना पैसे द्यायचे नसतात. हे आवर्जून लिहिते आहे, कारण अर्ज भरून देण्यासाठी हजारो रुपये मागणारे मध्यस्थ मला भेटले आणि माझ्या ओळखीच्या दोन-तीन बायकांनी असे पैसे दिलेही.

अनुदानाविषयी आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. ही रक्कम आपल्या हातात येत नाही. ती बँकेत आपल्या कर्जाशी जोडलेल्या खात्यात जमा होते आणि कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षे कर्जफेड सुरळीत राहिली व उद्योग चालू असला, तरच ती कर्जात वळती होते. म्हणजे सुरुवातीच्या महिन्यांत अनुदानाच्या भरवशावर मैदा विकत घेता येत नाही. माझ्या यंत्रसामग्रीचा आणि भट्टीलगतच्या कामांचा खर्च सुमारे 8 लाख रुपये झाला. जागा विकत घेण्याचा खर्च योजनेत धरला जात नाही, त्यामुळे भाड्याची जागा घेण्याचा निर्णय या दृष्टीनेही सोयीचा ठरला. खेळत्या भांडवलाची तजवीज मी घरच्या बचतीतून वेगळी केली होती, आणि बेकरी पहिल्या सहा महिन्यांत तरली ती या वेगळ्या ठेवलेल्या रकमेवर. ज्या शाखेत मी प्रथम गेले तिथे प्रकरण बरेच दिवस पडून राहिले. दुसऱ्या बँकेतल्या व्यवस्थापकांनी मात्र प्रत्यक्ष जागा पाहिली, दरपत्रके तपासली, रोज किती लाद्या विकल्या जातील असा नेमका प्रश्न विचारला आणि माझ्याजवळ त्याचे लेखी उत्तर असल्यामुळे काम पुढे सरकले. ते उत्तर मी गावातल्या वडापावच्या गाड्या, मिसळीची हॉटेले, वसतिगृहांच्या खाणावळी आणि किराणा दुकाने यांच्याकडे जाऊन, कोण रोज किती पाव घेतो आणि कुठून घेतो, हे टिपून तयार केले होते.

परवान्यांचे काम ऐकून वाटते तितके अवघड नाही, पण क्रम पाळावा लागतो. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर विनाशुल्क होते. माझ्याकडे दहापेक्षा कमी कामगार असल्याने दुकाने व आस्थापना कायद्याखाली ‘आपले सरकार’वरून केवळ सूचना देऊन पावती घेतली. अन्नसुरक्षेची नोंदणी सर्वांत महत्त्वाची. मी केली तेव्हा वार्षिक 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला वर्षाला 100 रुपये शुल्काची साधी नोंदणी पुरत असे आणि त्यापुढे राज्य परवाना लागत असे. मिळणारा 14 अंकी क्रमांक पाकिटावर तर लागतोच, 1 जानेवारी 2022 पासून तो बिलावरही छापावा लागतो. नोंदणीचा कागद मिळाला की काम संपले असे बरेच जण समजतात. वास्तविक अन्नसुरक्षा कायद्याच्या नियमांतली स्वच्छतेची परिशिष्टे बेकरीवाल्याने शांतपणे वाचावीत. पोती जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून दूर ठेवणे, पाण्याची तपासणी, कामगारांची वैद्यकीय तपासणी व विषमज्वराची लस, खिडक्यांना जाळ्या हे सारे तिथे आहे. कोकणात भिंती पाझरतात, त्यामुळे पोते भिंतीला टेकवू नये हा नियम आम्हाला पहिल्याच पावसाळ्यात उपयोगी पडला. वजनकाट्याचे वार्षिक मुद्रांकन आणि पाकीटबंद मालासाठी वैधमापन विभागाकडील नोंदणीही मी सुरुवातीलाच करून घेतली.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते. पावाचे प्रमाण नेहमी मैद्याच्या वजनावर धरतात. 10 किलो मैद्याला 6 लिटर पाणी, 180 ग्रॅम मीठ, 100 ते 120 ग्रॅम कोरडे यीस्ट, 300 ग्रॅम साखर आणि 200 ग्रॅम स्निग्धांश, हे आमचे मूळ प्रमाण आहे. परंतु प्रमाणापेक्षा मळून निघालेल्या कणकेचे तापमान अधिक महत्त्वाचे असते. ते 26 ते 27 अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले तर पाव वेळेत आणि एकसारखा फुगतो. ते 31-32 वर गेले तर यीस्ट धावत सुटते, पावाला आंबूस वास येतो आणि गोळे पाडून होईपर्यंत पहिले गोळे बसायला लागतात. हे तापमान राखण्याचा सोपा उपाय म्हणजे पाण्याचे तापमान मोजून घेणे. हवे असलेल्या तापमानाची तिप्पट करायची, म्हणजे 27 ची 81. त्यातून खोलीचे तापमान, मैद्याचे तापमान आणि मळणीयंत्राच्या घर्षणाने वाढणारी उष्णता वजा करायची. खोली 31, मैदा 30 आणि घर्षणाचे 8 धरले तर बेरीज 69 होते, म्हणून पाणी 12 अंशांचे हवे. मे महिन्यात खोली 34 आणि मैदा 33 वर जातो, तेव्हा पाणी 6 अंशांवर आणावे लागते, आणि ते बर्फाशिवाय जमत नाही. घर्षणाचा आकडा प्रत्येक यंत्राचा वेगळा असतो. तो मळणीआधी आणि मळणीनंतर तापमापक घालून स्वतःच काढावा लागतो. आमच्याकडचे कारागीर उत्तर प्रदेशातले, हाताला कमालीची सफाई असलेले. त्यांना प्रथम तापमापकाचे अप्रूप वाटले नाही, पण भर उन्हाळ्यात सलग आठवडाभर पाव एकसारखा निघाल्यावर त्यांनी तो भिंतीवरच्या खिळ्याला कायमचा टांगला.

पावाच्या बाबतीत पावसाळा आम्हाला मदतही करतो. भट्टीत घालण्यापूर्वी पाव शेवटचा फुगतो तेव्हा त्याला 35 ते 38 अंशांची ऊब आणि 80 ते 85 टक्के आर्द्रता लागते, नाहीतर वरचा पापुद्रा सुकून पाव फाटतो. मोठ्या बेकऱ्यांत यासाठी वाफेची खोली असते. आमच्याकडे जुलैत आर्द्रता अंगभूतच असते, फक्त ऊब द्यावी लागते. उलट जानेवारीच्या कोरड्या पहाटे ट्रेवर ओले फडके टाकावे लागते. मैदाही हवेतला ओलावा ओढून घेतो, म्हणून पावसाळ्यात 60 टक्क्यांऐवजी 58 टक्केच पाणी घालतो. हे दोन टक्के वाचताना किरकोळ वाटतात, पण कणीक हाताला चिकटून गोळे पाडण्याचे काम रेंगाळते ते त्यांच्यामुळेच.

ब्रेडचे मात्र वेगळे. ओल्या उष्ण हवेत ब्रेडला एक विकार जडतो. त्याचे जंतू मैद्याबरोबरच येतात आणि त्यांचे बीजाणू भट्टीच्या उष्णतेतही मरत नाहीत. बाहेरून ब्रेड चांगला दिसतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आतला भाग पिवळट व चिकट होतो, पिकून उतरलेल्या फळासारखा वास येतो आणि तुकडा मोडून ओढला तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तारा निघतात. प्रत्येक घाण्यातला एक ब्रेड तारीख घालून फळीवर ठेवून द्यायचा आणि रोज एक काप काढून पाहायचा, ही पद्धत मी पहिल्या दिवसापासून ठेवली होती. पहिल्या पावसाळ्यात एका सकाळी अशाच राखून ठेवलेल्या ब्रेडच्या कापात त्या तारा दिसल्या. त्या घाण्याचा दुकानांतला उरलेला माल लगेच परत मागवला, ब्रेडचे उत्पादन थांबवले, साचे, टेबले आणि कापण्याचे यंत्र व्हिनेगरच्या पाण्याने पुसून काढले आणि मैद्याचा तो लॉट ब्रेडऐवजी बिस्किटांकडे वळवला. तेव्हापासून जून ते ऑक्टोबर आम्ही ब्रेडच्या 10 किलो मैद्याला 100 मिलिलिटर साधे व्हिनेगर घालतो. कणीक थोडी आंबट झाली की हे जंतू वाढत नाहीत. दुसरी दक्षता निवण्याची. ब्रेडचा गाभा भट्टीतून निघताना 94-96 अंशांवर असतो आणि तो 35 अंशांच्या आसपास येईपर्यंत कापायचा किंवा पाकिटात भरायचा नसतो, नाहीतर आतल्या वाफेचे पाणी होऊन बुरशी धरते. पावसाळ्यात निवायला जास्त वेळ लागतो, म्हणून त्या महिन्यांत ब्रेडची भट्टी पहाटेऐवजी आदल्या संध्याकाळी लावतो. एवढ्या एका बदलासाठी कामगारांच्या पाळ्या, गॅसची मागणी आणि टेम्पोची वेळ सगळे फिरवावे लागले.

खारीची परीक्षा त्याहून कठीण. खारीचे पदर हे कणीक आणि घट्ट मार्गारीन यांच्या आळीपाळीने घातलेल्या घड्यांतून येतात. स्निग्धांश वितळला तर पदर एकमेकांना चिकटतात आणि खारी दडस होते, म्हणून लाटण्याचे काम आम्ही रात्री किंवा पहाटे करतो आणि प्रत्येक दोन घड्यांच्या मध्ये कणीक शीतकपाटात ठेवतो. भाजल्यावर ती पुन्हा मंद आचेवर सुकवतो. भट्टीतली दुपारची उरलेली ऊब या कामाला पुरते. चाचांनी शिकवलेली खूण अशी की सुकलेली खारी कानाजवळ धरून बोटाने टिचकी मारली तर कोरडा आवाज आला पाहिजे. त्यानंतर ती हवेवर ठेवायची नाही, कोमट असतानाच जाड पिशवीत भरून उष्णतेने मोहोरबंद करायची. सुरुवातीला मी साध्या पारदर्शक पिशव्या वापरून पाहिल्या, त्यांतून चार-पाच दिवसांत ओलावा आत जाई. आतून चकाकता थर असलेल्या पिशव्या महाग पडतात, पण त्यांत खारी पावसाळ्यातही तीन आठवडे कुरकुरीत राहते. काचेच्या बरणीतून सुटी खारी विकणे आम्ही जून ते सप्टेंबर बंदच ठेवतो. गिऱ्हाईक प्रथम नाराज झाले; अर्धा पाव खारी मागणाऱ्या आजींना पाकीट घ्या म्हणून सांगणे जिवावर यायचे, म्हणून आम्ही 100 ग्रॅमचे लहान पाकीट काढले.

वनस्पती तूप आणि मार्गारीनविषयी एक आवश्यक माहिती. 1 जानेवारी 2022 पासून देशात तेल आणि स्निग्ध पदार्थांतील ट्रान्स फॅटची कमाल मर्यादा 2 टक्के आहे, त्यामुळे माल घेताना खोक्यावरचा मजकूर वाचूनच घ्यावा. सुट्या स्वस्त वनस्पतीच्या मोहात पडू नये. तसेच पावाला फुगवटा देण्यासाठी पूर्वी वापरले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट 2016 पासून बंद आहे. ‘ब्रेड सुधारक’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांवर घटक लिहिलेले नसतील तर त्या घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या गावात आपली मुले तोच पाव खातात तिथे याबाबत तडजोड नसावी.

नाचणीचे बिस्किट हा आमचा सर्वांत आवडीचा प्रयोग. नाचणी इथल्या वरकस जमिनीवर पिकते आणि 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष असल्यामुळे तिला मागणीही वाढली. परंतु नाचणीत ग्लूटेन नसल्यामुळे केवळ तिचे बिस्किट भुसभुशीत होऊन पाकिटात चुरा होतो. बऱ्याच खटपटीनंतर 40 टक्के नाचणी आणि 60 टक्के गव्हाचे पीठ, नाचणीचे पीठ आधी मंद भाजून घेतलेले, असे प्रमाण बसले. गूळ घातला तर चव उत्तम येते, पण गूळ हवेतले पाणी ओढतो आणि बिस्किट मऊ पडते, म्हणून पावसाळ्यात अर्धा गूळ आणि अर्धी साखर घालतो. पाकिटावर नाचणीचे नाव ठळक छापायचे तर तिचे प्रमाण टक्क्यांत लिहावे लागते, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात, म्हणजे आमच्या पाकिटावर गहू आधी आणि नाचणी नंतर येते. काही विक्रेत्यांनी मला क्रम बदलायला सुचवले, ते मी ऐकले नाही. गहू आणि दूध यांची नोंद ॲलर्जीकारक घटक म्हणूनही असते. मधुमेही माणसे हे बिस्किट विश्वासाने मागतात, तेव्हा त्यात गहू व साखर आहे हे त्यांना काउंटरवर तोंडी सांगावे, अशी दुकानातल्या मुलींना सूचना आहे.

हिशेबाचे काम पूर्वी केलेले असल्याने किंमत ठरवताना मी कागद सोडला नाही. पावाच्या किमतीत लोक मैदा, यीस्ट आणि गॅस धरतात, परंतु भाजताना उडून जाणारे वजन, परत येणारा माल, दुकानदाराचे कमिशन आणि उधारीत अडकलेले पैसे हे चार आकडे धरले जात नाहीत, आणि लहान बेकऱ्यांचे घोडे नेमके तिथेच अडते. 40 ग्रॅमचा गोळा भाजल्यावर साधारण 35-36 ग्रॅमचा पाव होतो. दुकानदार 15 ते 20 टक्के कमिशन घेतात आणि शिळा माल परत घ्यावा अशी त्यांची अपेक्षा असते. मी पावावर परतावा न घेण्याचा आणि त्याऐवजी सकाळ-संध्याकाळ दोनदा कमी कमी माल पोहोचवण्याचा नियम केला. टेम्पोचा खर्च वाढला तरी उरणारा पाव जवळजवळ संपला. आदल्या दिवसाचा चांगला ब्रेड आम्ही टोस्टसाठी कापतो, कारण टोस्टला एक दिवस मुरलेला ब्रेडच लागतो. तो ताजा घेतला तर काप तुटतात. वडापावच्या गाड्यांची उधारी आठवड्याच्या आठवड्याला मिटवण्याचे ठरले आहे आणि एक-दोन अपवाद वगळता गाडीवाले भाऊ शब्दाला जागतात. मैदा, वनस्पती हा सगळा माल कुंभार्ली घाटातून कराडच्या बाजूने येतो, आणि पावसात घाट बंद झाला की दोन-तीन दिवस काहीच येत नाही, म्हणून पावसाळ्यात आठवड्याभराचा साठा हाती ठेवावा लागतो. त्यात अडकणारी रक्कमही किमतीत धरलेली आहे.

वर्षाचे उत्पन्न दोन मोसमांत ठरते. गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात तेव्हा घरोघरी माणसे दुपटीने असतात आणि पाव, टोस्ट, बटर यांची मागणी एकाएकी चढते. त्या दहा-बारा दिवसांसाठी बचत गटातल्या चार ताई मदतीला घेतो. दिवाळीच्या आधीचे दिवस नानकटाईचे. घरून तूप, पिठीसाखर, मैदा, रवा घेऊन यायचे आणि बेकरीत नानकटाई भाजून न्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत बऱ्याच ठिकाणी मागे पडली आहे. आम्ही ती मुद्दाम चालू केली. ट्रेमागे मजुरी घेतो, प्रत्येकीच्या ट्रेला नावाची चिठ्ठी लावतो आणि ज्यांना हवे त्यांना बाजूच्या टेबलावर स्वतः वळू देतो. तूप किती फेसले की नानकटाईला तडा सुरेख जातो यावर त्या टेबलाभोवती काकी-मावश्यांची जी चर्चा होते ती ऐकून आमच्या कारागिरांनी आपल्या प्रमाणात दोनदा बदल केला आहे. या सेवेत नफा थोडा आहे, पण त्या बायका पुढे वर्षभर आमच्याकडूनच पाव नेतात.

पावावर वस्तू व सेवा कर नाही, टोस्टवर 5 टक्के आहे, आणि केक-बिस्किटांवर जो 18 टक्के होता तो 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्क्यांवर आला. आमची नाचणीची बिस्किटे मोठ्या दुकानांत ठेवायची तर कर-नोंदणीचा क्रमांक असल्याशिवाय ती दुकाने माल घेत नाहीत. उलाढाल 40 लाखांच्या आत असल्याने नोंदणीची सक्ती मला नव्हती, म्हणून आजवर मी थांबले होते. दर कमी झाल्यामुळे आता ऐच्छिक नोंदणी करून पाकिटे रत्नागिरी आणि खेडपर्यंत पाठवण्याची तयारी चालली आहे. त्यासाठी बिस्किटांच्या टिकाऊपणाची आणि पोषणमूल्यांची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतली तपासणी नव्याने करून घेत आहे, आणि नमुने मुद्दाम जुलैत भरलेल्या पाकिटांचे दिले आहेत.